मे महिन्यातलं कोल्हापूर: उन्हाच्या कलानं दिवस कसे लावायचे

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या गल्लीतली निम्मी घरं कुलूप लावून महाबळेश्वरला जातात, आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे कोल्हापुरात उतरतात. पाहुणे सकाळी अकराला आवरून बाहेर पडतात. भर उन्हात अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत उभे राहतात, एक वाजता तांबडा-पांढरा रस्सा ओरपतात आणि तीनला पन्हाळ्यावर पोचतात. संध्याकाळी डोकं धरून म्हणतात, "काय ऊन आहे हो तुमच्याकडे!" ऊन असतंच. एप्रिल-मेमध्ये पारा सदतीस-अडतीसच्या आसपास जातो. पण पहाट गार असते, संध्याकाळी वारं सुटतं आणि मधूनच वळीव येऊन शहर धुऊन जातो. दिवसाची उलटापालट केली तर याच शहरात उन्हाळा मजेत जातो. ही उलटापालट कशी करायची, ते क्रमानं सांगतो.

पहिलं काम: कोणत्या आठवड्यात यायचं ते ठरवा

इथला उन्हाळा तीन तुकड्यांचा आहे. पहिला तुकडा चैत्राचा. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते. महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून लोक येतात, उंच सासनकाठ्या नाचतात आणि "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणत माणसं गुलालानं डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी होतात. दुसऱ्या दिवशी शहरात अंबाबाईचा रथोत्सव असतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर यात्रेच्या दिवशी डोंगर चढू नका, रथोत्सव गाठा. रथाच्या वाटेवर रांगोळ्या घातलेल्या असतात, फटाके वाजतात आणि गर्दी असली तरी माणूस चेंगरत नाही. जोतिबावरून उतरलेले, कानामागे अजून गुलाल असलेले लोक त्या रात्री गुजरीत आणि महाद्वार रोडवर भेटतात, त्यामुळे यात्राही थोडी पदरात पडते.

दुसरा तुकडा मेच्या पहिल्या पंधरवड्याचा. ऊन सगळ्यात कडक, पण आंबा स्वस्त व्हायला लागलेला, फुटबॉलचा हंगाम संपत आलेला आणि घरोघरी चटणीचं काम सुरू. ६ मे हा राजर्षी शाहू महाराजांचा स्मृतिदिन. २०२२ साली त्यांच्या निधनाला शंभर वर्षं झाली, तेव्हा अख्खं शहर १०० सेकंद जागच्या जागी थांबलं होतं.

तिसरा तुकडा मेअखेरचा. वळीव होऊन गेलेले असतात, करवंदं-जांभळं आलेली असतात आणि राधानगरीच्या जंगलात काजवे चमकायला लागतात.

मला एकच आठवडा निवडायला सांगितला तर मी मेचा शेवटचा निवडेन. मृग तोंडावर आलेला असतो, गर्दी ओसरलेली असते आणि संध्याकाळच्या हवेला ओल्या मातीचा वास असतो.

दुसरं काम: पहाट वाया घालवू नका

दर्शन पहाटेच उरका. काकडआरतीच्या वेळी देवळात गावातलीच माणसं असतात आणि रांग पटकन सरकते. दगडी प्रांगण तेव्हा पायाला गार लागतं. दुपारी बारा वाजता त्याच फरशीवर अनवाणी चालताना पाहुणे उड्या मारत पळतात. उशीर होणारच असेल तर जाड पायमोजे घेऊन या. शुक्रवारी मुक्काम असेल तर रात्री देवीची पालखी निघते, तीही बघा. रात्रीचं देऊळ उन्हाळ्यात फार सुखाचं असतं.

दर्शन झालं की गंगावेशीचा दूध कट्टा. म्हशी तिथंच उभ्या असतात. धार थेट पेल्यात काढतात आणि फेसासकट पेला तुमच्या हातात देतात. कोमट, जरा गोडसर दूध. सवय नसेल तर आधी अर्धाच पेला मागा. आजूबाजूला तालमीतली पोरं दोन-दोन पेले सहज रिचवत असतात, त्यांच्याशी बरोबरी करू नका. पोट नाजूक असलेल्यांनी, लहान मुलांनी आणि दिवस गेलेल्या बायकांनी कच्चं दूध टाळावं. त्यांनी चहा घ्यावा.

जवळच गंगावेस तालीम आहे. पहाटे पोरांची मेहनत चाललेली असते. दारात वस्तादांना विचारून, चपला काढून, एका कोपऱ्यात गप्प बसून बघता येतं. मोबाईल आधी खिशात ठेवा. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, लाल माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबू मुरवलेलं असतं, म्हणून तिचा वास वेगळाच येतो आणि अंगाला खरचटलं तरी ती सहसा चिघळू देत नाही, असं पैलवान सांगतात. बायकांना आत घेतात का, हे आधी विचारून घ्या. तालीमगणिक रीत वेगळी आहे.

मग मिसळ. फडतरे, चोरगे, खासबाग, बावडा, प्रत्येकाचा भक्त वेगळा आणि वादाला अंत नाही. मी त्या वादात पडत नाही. इतकंच सांगतो की सकाळी नऊच्या आत जा. दहानंतर तव्यासारख्या तापलेल्या रस्त्यावर नंबर लावून उभं राहावं लागतं. इथं मिसळीबरोबर पाव म्हणजे ब्रेडचे स्लाइस येतात, ते बघून नाक मुरडू नका, कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, शोषून घ्यायला तेच बरे. पोरांसाठी दही वेगळं मागवा. उन्हाळ्यात मी स्वतः कट दुसऱ्यांदा घेत नाही, कारण अकरा वाजता तो पोटात बोलायला लागतो.

तिसरं काम: दहा ते चार दगडी भिंतींच्या आत

ही वेळ संग्रहालयांची. आमच्याकडे जुन्या इमारतींच्या भिंती जाड आहेत आणि आत पंखा नसला तरी गारवा असतो. सोमवार टाळा.

टाउन हॉलच्या बागेतलं संग्रहालय लहान आहे, पण तिथं जी एक गोष्ट आहे, तिच्यासाठी मी पाहुण्यांना हाताला धरून नेतो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झालं. त्यात रोमन वस्तू सापडल्या आणि त्यांतच समुद्रदेव पोसायडनची छोटीशी कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा हा देव समुद्र ओलांडून, घाट चढून, पंचगंगेच्या काठावर येऊन पोचला! कोण घेऊन आलं असेल, काय देऊन विकत घेतलं असेल, याचा विचार करत काचेसमोर उभं राहायला मला आवडतं. मुलांना आधी मूर्तीची गोष्ट सांगा आणि मगच आत न्या, नाहीतर ती दोन मिनिटांत बागेत पळतात. आबालाल रहिमान यांची चित्रंही इथंच पाहायला मिळतात. बागेतली जुनी झाडं दुपारी बसायला उत्तम.

न्यू पॅलेस मोठा आहे. काळ्या दगडाची ही वास्तू मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार उभी राहिली आणि १८८४ साली पूर्ण झाली. आतला दरबार हॉल आणि शाहू महाराजांच्या वस्तू नीट पाहायच्या तर दीड-दोन तास हवेत. पेंढा भरलेल्या वाघांपाशी पोरं अडकतात, तेवढा वेळ धरून चला.

चित्रपटात रस असेल तर राजारामपुरीत अभिनेते चंद्रकांत मांडरे यांचं कला संग्रहालय आहे. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच. प्रभातही १९२९ साली इथंच सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. पुणेकर पाहुण्यांना हे मी आवर्जून सांगतो.

जेवण दीडच्या आत. तांबडा-पांढरा खाणार असाल तर पांढऱ्यापासून सुरुवात करा, वाटीनं प्या. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ असं वाटण घातलेला पांढरा रस्सा पोटाला शांत ठेवतो. तांबडा भाकरीबरोबर. जेवून उन्हात फिरायचं नाही. झोपायचं. ही सूचना थट्टेत घेऊ नका. इथली पेठ दुपारी पेंगते आणि बरीच छोटी दुकानं अर्धं शटर ओढून बसतात.

चौथं काम: चारनंतर मैदान गाठा

कोल्हापूरला बाहेरचे लोक कुस्तीचं गाव म्हणून ओळखतात, पण पेठांमधल्या पोराला विचाराल तर तो आधी फुटबॉलचं नाव घेईल. शाहू स्टेडियमवर हिवाळ्यात सुरू झालेला हंगाम पावसाआधी आटोपतो, आणि एप्रिल-मेमध्ये शेवटच्या स्पर्धा रंगात येतात. मंगळवार पेठेतला पाटाकडील आणि शिवाजी पेठेतला शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर असले की गावात दुपारपासूनच कुजबुज सुरू होते. दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, खंडोबा, फुलेवाडी असे बाकीचे संघही काही कमी नाहीत. सामना आहे का, हे सकाळच्या स्थानिक पेपरात सापडतं किंवा पानपट्टीवर विचारा.

पायऱ्या तापलेल्या असतात, म्हणून बसायला जुनं वर्तमानपत्र न्या. कुठल्या बाजूला कोणाचे समर्थक बसतात ते तिकीट घेतानाच विचारा. चुकीच्या पेठेत बसून चुकीच्या गोलला टाळ्या वाजवू नका. कोणी मारत नाही, पण सामना संपेपर्यंत टोमणे ऐकावे लागतात, आणि कोल्हापुरी टोमणा मुलांसमोर ऐकण्यासारखा असेलच असं नाही.

सामना नसेल तर खासबाग मैदान. शाहू महाराजांनी रोमचं खुलं मैदान पाहून इथं कुस्तीचं मैदान बांधून घेतलं. मध्ये हौदा आणि भोवती वर चढत गेलेली बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही डाव दिसतो. कुस्ती नसली तरी वरच्या कडेला उभं राहून बघा. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडलेली माणसं मी पाहिली आहेत. इथल्या खाऊगल्लीत राजाभाऊंची भेळ मिळते, ती खाऊनच पुढं चला.

गावोगावच्या जत्रांतही चैत्र-वैशाखात कुस्तीची मैदानं होतात. जिल्ह्यात कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्या गावची जत्रा कधी आहे ते विचारा. आमंत्रण मिळेलच. इथं जत्रेला पाहुणा नसला तर यजमानालाच कमीपणा वाटतो.

पाचवं काम: संध्याकाळ रंकाळा तलावावर, पण आकाश बघून

वळवाचं गणित सोपं आहे. दुपारी वारं पडलं, घाम चिकट झाला आणि पश्चिमेला ढग काळे झाले की तासाभरात धूळ उडते, मग विजा, मग टपोरे थेंब, कधी गारा. अशा वेळी रंकाळ्याच्या कडेला झाडाखाली थांबू नका. वळवात फांद्या मोडतात. आधी एखाद्या हॉटेलात जाऊन बसा आणि चहा मागवा, पाऊस अर्ध्या-पाऊण तासात उरकतो.

आकाश स्वच्छ असेल तर साडेपाचला रंकाळ्यावर या. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की एरवी बुडालेला संध्यामठ वर दिसायला लागतो. पावसाळ्यात येणाऱ्यांना तो नीट दिसतच नाही. काठावरच्या मोठ्या नंदीबद्दल लोक सांगतात की तो रोज गव्हाएवढा पुढं आणि तांदळाएवढा मागं सरकतो, आणि ज्या दिवशी पाण्याला टेकेल त्या दिवशी जग बुडेल. पोरांना ही गोष्ट सांगितली की ती नंदीपासून पाण्यापर्यंत पावलं मोजतात आणि अर्धा तास निवांत मिळतो. चौपाटीवर कणीस, भेळ, गाडे, पाळणे सगळं आहे. मला मात्र शालिनी पॅलेसच्या बाजूची शांत कड आवडते.

रात्री जेवणानंतर सोळंकी नाहीतर इंपिरियलमध्ये कॉकटेल. उंच ग्लासात आइस्क्रीम, फळांचे तुकडे, जेली, सुकामेवा. एका ग्लासात दोघांचं भागतं. तालमीची थंडाई मिळाली तर तीही चाखा, बदाम-खसखस घोटून केलेली.

सहावं काम: बाहेर जायचे दिवस

*पन्हाळा आणि जोतिबा.* दोन्ही एका दिवसात होतात, पन्हाळा शहरापासून साधारण वीस किलोमीटरवर आहे आणि एसटी आहे. सकाळी साडेसहाला निघा आणि आधी पन्हाळा करा. जोतिबाला रविवार टाळा, तो देवाचा वार, त्यामुळे गर्दी. पांढरे कपडे घालू नका, गुलाल जात नाही.

पन्हाळ्यावर लोक तीन दरवाजा, सज्जा कोठी बघून परत फिरतात. दुपारसाठी राखून ठेवायच्या दोन जागा मी सांगतो: अंबरखान्याची कोठारं आणि अंधारबाव. गंगा, यमुना, सरस्वती अशी या धान्यकोठारांची नावं आहेत. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत पाऊल टाकताच घाम सुकतो. अंधारबाव वरून साधी वास्तू वाटते. पायऱ्या उतरत गेलात की खाली विहीर आणि मजल्यांत लपलेल्या जागा लक्षात येतात. वेढा पडला तर गडाचं पाणी शाबूत राहावं, ही त्यामागची अक्कल. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज याच गडावरून निसटले, त्याची गोष्ट बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी नको, इथं सांगा. मुलांना वेढा म्हणजे काय ते इथं कळतं. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे. झुणका-भाकर, दही आणि पानांच्या द्रोणातली करवंदं घ्या. करवंदं घेताना काळीभोर बघून घ्या, लालसर असतील तर चीक ओठाला चिकटतो.

*खिद्रापूर आणि नरसोबाची वाडी.* हा पल्ला लांबचा, खिद्रापूर साठेक किलोमीटर. कोपेश्वराच्या देवळाचा स्वर्गमंडप बघायचा. अठ्ठेचाळीस खांब आणि छतात गोल आकाश. भर दुपारी त्या गोलातून उन्हाचा झोत खालच्या दगडी चकतीवर पडतो आणि खांबांवरची नक्षी कडेच्या सावलीतून उठून दिसते. मुद्दाम दुपारचं ऊन बघायला जायची ही एकच जागा मी सांगेन, मात्र त्या चकतीवर अनवाणी उभं राहू नका. परतीच्या वाटेवर वाडीत कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचं दर्शन, बासुंदी आणि कवठाची बर्फी. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असतं आणि देऊळ निवांत बघता येतं. नदीत मात्र खोल जाऊ नका.

*राधानगरी.* मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला काजवे. नर काजवे मादीला बोलावण्यासाठी चमकतात आणि एखादं झाड अख्खं लुकलुकतं. गाडीचे दिवे, बॅटरी, फ्लॅश, तिन्ही बंद. मोबाईलवर फोटो सहसा नीट येत नाही, ते आधीच स्वीकारा. मुक्कामाची जागा आधी ठरवा, कारण शनिवार-रविवारी मिळत नाही. गवे बघायला दाजीपूरला जायचं असेल तर पावसाळ्यात जंगल बंद होतं, म्हणून वनखात्याकडे आधी चौकशी करा.

सातवं काम: खरेदी

चप्पल घ्यायची तर हीच वेळ. पावसाळ्यात कोल्हापुरीला पाणी लागलं की ती गेली. उन्हाळ्यात घेतलीत तर मृगापर्यंत पायात बसते, मग तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळून ठेवायची. शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनीत घेताना तळ वाकवून बघा. खरी असेल तर शिवण चामड्याच्या वादीची असते, खिळे नसतात, आणि रंग बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा, म्हणजे मातकट. एकसारखी चकचकीत दिसली तर मशीनची समजा. अंगठ्यात जरा घट्ट घ्या, चामडं सैल होतं. कापशी, पायताण, करकरी असे प्रकार दाखवायला सांगा. करकरी चालताना वाजते आणि कार्यालयात घातली तर सगळे वळून बघतात. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण फुटपाथवरच्या ढिगाला त्याचा काही संबंध नाही.

सगळ्यात शेवटी चटणी. मे महिन्यात कोल्हापूरला आलात आणि मिरची-मसाला कुटायचा डंक पाहिला नाहीत तर इथला उन्हाळा अर्धाच पाहिलात. वर्षाची कांदा-लसूण चटणी याच दिवसांत होते. लक्ष्मीपुरीत पोत्यांनी मिरची येते, रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी, चवीला संकेश्वरी. बायका देठ खुडतात, गच्चीवर मिरची वाळवतात. धणे, तीळ, खसखस, सुकं खोबरं, कांदा-लसूण भाजून-तळून डबे भरतात आणि डंकावर नंबर लावतात. लोखंडी मुसळं धडाधड पडत असतात, तोंडाला पदर बांधलेल्या बाया ओरडून बोलत असतात आणि रस्त्याच्या पलीकडून जाणारा माणूसही शिंकतो. आत जायचं तर रुमाल ओला करून नाकाला बांधा आणि डोळे चोळू नका. डंकवाल्याला विचारलंत तर तो प्रमाण सांगेल, शेजारची मावशी ते चूक आहे असं सांगेल, आणि दोघांचं लिहून घ्या.

तयार चटणी अर्धा किलो, किलोनं मिळते. घेताना ताजी कुटलेली मागा, चमचाभर हातावर घेऊन वास घ्या. खोबऱ्याचा खवट वास आला तर सोडून द्या. गरम चटणी डब्यात बंद करू नका, रात्रभर परातीत पसरून गार होऊ द्या. मग काचेच्या बरणीत दाबून भरा, वर हिंगाचा खडा ठेवा आणि ओला चमचा घालू नका. एसटीनं किंवा रेल्वेनं नेणार असाल तर पिशवी दुहेरी करून तोंड सुतळीनं बांधा, नाहीतर कराड यायच्या आत अख्खा डबा शिंकायला लागतो.